दिवाळीच्या किल्ले स्पर्धेत आमचा गाविलगड कधी येणार?

मा. संपादक साहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्या पेपरात किल्ले बनवा स्पर्धेच्या बातम्या सुरू होतात. तालुक्याच्या गावी मंडळं बक्षिसं ठेवतात, शाळाही ठेवतात, मग फोटो छापून येतात अन् त्यात दरवर्षी राजगड, प्रतापगड, रायगड, सिंधुदुर्ग. महाराजांचे किल्ले आहेत, ते व्हायलाच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण मी तेल्हारा तालुक्यातला कास्तकार आहे, आमच्या घराच्या स्लॅबवर चढलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, त्या डोंगरात नरनाळा आहे, पुढं चिखलदऱ्याला गाविलगड आहे, अन् मोटरसायकलनं जाऊन चहा पिऊन परत यावं एवढ्या अंतरावर अडगाव आहे जिथं १८०३ साली इंग्रज अन् नागपूरकर भोसल्यांची लढाई झाली. यातलं काहीच आमच्या पोट्ट्यांच्या अंगणात येत नाही. ते कसं आणता येईल हे सांगायला हे पत्र लिहितोय. लांबलं तर काटछाट करा, पण मधली कामाची माहिती ठेवा ही विनंती.

मी मिनिएचर रंगवतो. म्हणजे टेबलावर खेळायच्या लढाईतले शिपाई, घोडेस्वार, तोफा, अन् त्यांच्या खालची जमीन, झाडं, घरं, तटबंदी हे सगळं. शिपाई साधारण २८ मिलिमीटर उंच असतो, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. काही लोक १५ मिलिमीटरचे घेतात, कुणी १/७२ स्केलचे प्लास्टिकचे. दोघं जण सहा बाय चार फुटाच्या टेबलाशी समोरासमोर बसतात, इंचाच्या टेपनं चाल मोजतात, फासे टाकतात, तोफेचा गोळा लागला का, पलटण टिकली का पळाली हे फासा अन् नियम मिळून ठरवतात. याची सुरुवात पोरखेळातून झाली नाही. प्रशियाच्या (आताच्या जर्मनीतलं जुनं राज्य) सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं असा नकाशावरचा खेळ अफसरांच्या ट्रेनिंगसाठी बसवला होता (त्याच्या वडिलांनी आधी सुरुवात केली होती, त्यानं तो पुरा केला). नंतर हा छंद घराघरात गेला, १९८३ ला इंग्लंडमधून वॉरहॅमर नावाचा टेबलावरचा खेळ आला अन् मग राक्षस, अंतराळवीर सगळेच टेबलावर आले. मला ते पण आवडतात, पण माझा जीव इतिहासातल्या लढायांमध्ये आहे.

गावात लोक म्हणतात, "काय बे, बाहुल्या रंगवून रायला का?" मी म्हणतो तान्हा पोळ्याला पोरं लाकडाचे बैल सजवतात, शिंगं रंगवतात, डोळे काढतात, झूल घालतात, त्याला कुणी बाहुल्या म्हणत नाही, उलट बक्षीस देतात. तेच काम आहे हे. अन् एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकतो, कास्तकाराचा फोटो पेपरात येतो तो बोंडअळीचा येतो, भाव पडल्याचा येतो, नुकसानीच्या पंचनाम्याचा येतो. ते यायलाच पाहिजे. पण कास्तकाराला एखादी कला असते, तो रात्री वावरातून आल्यावर हातपाय धुवून दिव्याखाली बसून एका शिपायाच्या पागोट्याला घडी काढतो, हे पण कधी आलं पाहिजे.

आता अडगाव. मी शाळेत वॉटर्लूची लढाई शिकलो, १८१५, नेपोलियन हरला, वेलिंग्टन जिंकला. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, जो २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्या अडगावच्या मैदानात सैन्य घेऊन उभा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मला या छंदानं सांगितलं. वॉटर्लूचं मॉडेल विल्यम सायबॉर्न नावाच्या ब्रिटिश अफसरानं केलं, १८३८ साली लंडनला दाखवलं, त्यात सुमारे ७५ हजार बारीक शिपाई आहेत अन् ते आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. अडगावचं असं एखादं छोटं मॉडेल आमच्या जिल्ह्यात कुठं ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

लढाई थोडक्यात अशी. त्याच वर्षी असईच्या लढाईत २३ सप्टेंबरला शिंदे-भोसले इंग्रजांकडून हरले होते, तरी रघुजी भोसल्यांची फौज त्यांच्या भावाच्या, व्यंकोजींच्या हाताखाली वऱ्हाडात उभी होती, बाजूला शिंद्यांचं घोडदळ. वेलस्ली अन् कर्नल स्टीव्हन्सन दोघांच्या फौजा मिळून दुपार कलताना मैदानात आल्या. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या अन् इंग्रजांकडच्या तीन देशी पलटणी, ज्या असईला चांगल्या लढल्या होत्या, त्या पहिल्या माऱ्यातच मोडून मागं पळाल्या. वेलस्लीनं स्वतः पुढं होऊन त्यांना गावाच्या आडोशाला पुन्हा उभं केलं. ते झालं नसतं तर दिवस वेगळा गेला असता. नंतर भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी दोन गोऱ्या पलटणींवर हल्ला चढवला अन् ते तिथंच कापले गेले, सूर्य बुडाला, चांदण्यात पाठलाग झाला, मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात अन् विसरायला पण तेवढीच. पण टेबलावर मांडलं की त्या तीन पलटणींच्या जागी प्रत्येक वेळी फासा टाकावा लागतो. आमच्या गावातल्या पोरांसोबत खेळताना भोसल्यांकडून खेळणारं पोरगं श्वास रोखून बसतं, पलटण परत उभी राहिली की ते हळहळतं, राहिली नाही की उड्या मारतं, मग विचारतं की खरंच असं झालं असतं तर काय झालं असतं काका? मग देवगावचा तह, १७ डिसेंबर १८०३, भोसल्यांचं काय काय गेलं, हे सगळं मी तिथंच सांगतो अन् ते त्याच्या डोक्यात बसतं.

रंगवताना जे कळतं ते तर वाचून कधीच कळलं नसतं. लाल कोटाची पलटण रंगवायला घेतली की आपण समजतो इंग्रज रंगवतोय. पण त्या लाल कोटातले बहुतेक चेहरे मद्रासकडच्या आपल्या माणसांचे. बाहेरच्या कंपन्यांच्या रंगाच्या सेटमध्ये चेहऱ्याचा म्हणून जो रंग येतो तो गुलाबी असतो, तो इथं चालतच नाही, मी बर्न्ट सिएनात (लालसर तपकिरी) यलो ऑकर (मातकट पिवळा) टाकतो, कुठं जास्त कुठं कमी, कारण सगळे चेहरे एका रंगाचे नसतात. एकामागून एक चेहरे तपकिरी होत जातात अन् समोरच्या बाजूचे पण तेच, मग आपसूकच लक्षात येतं की मैदानात दोन्हीकडून कोण मेलं. काही लोक म्हणतात लढाईचा खेळ करणं वाईट, पोरं हिंसक होतात. ज्यानं एका पलटणीचे डोळे, मिशा, पट्टे, बोटं रात्री बसून काढली त्याला तो शिपाई टेबलावरून उचलून बाजूला ठेवताना बरं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. मला तरी यात हिंसा शिकवणारं काही दिसलं नाही.

रंगाच्या काही गोष्टी, कुणाला करायचं असेल तर. शिपाई आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचा, साच्याचं तेल असतं त्यावर, रंग धरत नाही. मग प्रायमर म्हणजे रंग धरायला लावायचा पहिला थर, मग मूळ रंग, रंग पाण्यानं दुधासारखा पातळ करून दोन हात, जाड एक हात कधीच नाही कारण नाक-डोळे बुजतात. मग वॉश म्हणजे खूप पातळ गडद तपकिरी, तो आपोआप घड्यांमध्ये जाऊन बसतो अन् सावली तयार होते. मग ड्रायब्रश, ब्रशवरचा रंग फडक्याला पुसून पुसून जवळपास संपवायचा अन् मग उंचवट्यावरून हलकेच फिरवायचा. लालवर उजेड दाखवायला पांढरा मिसळू नका, गुलाबी होतो, नारिंगी मिसळा. अन् मराठा शिपायाचा अंगरखा पांढराशुभ्र करू नका, मांजरपाटाचा रंग असतो तसा मळकट पांढरा घ्या, खालच्या काठाला मातीचा रंग द्या, आमच्या काळ्या मातीत चालणाऱ्या माणसाचं धोतर खालून कसं होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

आपल्या भागाच्या दोन अडचणी आहेत ज्या बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. एक उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथं रंग ब्रशवरच वाळतो अन् स्प्रे प्रायमर दुपारी मारला तर हवेतच वाळून शिपायावर रव्यासारखा बसतो. म्हणून प्रायमर सकाळी सहा-साडेसहाला, अन् रंगासाठी डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, तासन् तास ओला राहतो. पावसाळ्यात झड लागली असताना उलटं, तेव्हा स्प्रे वार्निश मारू नका, पांढुरकं धुकं धरतं, ब्रशनं लावायचं वार्निश वापरा. दुसरी अडचण पाण्याची. आम्ही खारपाणपट्ट्यातले, बोअरचं पाणी रंगात टाकलं की वॉश वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतात, अन् माणूस रंगालाच शिव्या देतो. प्यायचं कॅनचं पाणी वापरा, एक वाटी पुरते.

आता जमीन, अन् या बाबतीत मी छाती ठोकून सांगतो की वऱ्हाडातल्या माणसाला जे मिळतं ते लंडन-पुण्यात मिळत नाही. बाहेरच्या लोकांनी केलेले भारतातल्या लढायांचे टेबल मी इंटरनेटवर बघतो, बरेचदा पिवळी वाळू अन् खजुराची झाडं. नोव्हेंबरच्या शेवटी अडगावच्या बाजूची जमीन तशी नसते. काळी असते, पण काळा रंग मारून काळी होत नाही, आधी गडद करडा-तपकिरी, मग त्यावर फिकट करड्याचा ड्रायब्रश, वाळलेलं ढेकूळ वरून जसं फिकट दिसतं तसं. भेगा पाडायच्या असतील तर फेविकॉलचा जाड थर द्यायचा अन् तो ओला असतानाच वरून ॲक्रिलिक रंग, वाळताना रंग आपोआप तडकतो, अगदी मे महिन्यातलं वावर. झाडांसाठी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या घ्या, वेचणी संपल्यावर शेंड्याकडची बारीक फांदी खोड-फांद्यांसकट तयार झाड असते, त्याला फक्त पालवी पाहिजे. पालवीसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कात्रीनं बारीक तोडून हिरव्या रंगात बुडवून वाळवायची. गवतासाठी आरा मशीनवरचा भुसा चाळून रंगवायचा. कुटार (मळणीनंतरचा भुसा) बारीक चुरून फेविकॉलवर टाकलं की कापणी झालेलं वावर, तुऱ्हाट्यांचे (तुरीच्या काड्यांचे) बारीक तुकडे सुतळीनं बांधले की कुडाच्या भिंती अन् कुंपण, मुरूम चाळून घेतला की डोंगराचा पायथा. अन् हे सगळं फुकट. विकत काय लागतं तर फेविकॉल, थोडे ॲक्रिलिक रंग, दोन चांगले ब्रश, शून्य नंबरचा एक अन् जरा जाड एक, अन् एम-सील. एम-सीलनं पागोटं, ढाल, तलवारीची मूठ काय पाहिजे ते वळता येतं, परदेशात त्यासाठी ग्रीन स्टफ नावाची पुट्टी वापरतात, ती महाग पडते.

थर्माकोलबद्दल एक. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं प्लास्टिक-थर्माकोलबंदी आणली त्यात सजावटीचं थर्माकोल पण आलं, तरी किल्ले स्पर्धांत ते अजून दिसतं. गरज नाही त्याची. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवले अन् वरून कागदाचा लगदा लिंपला की डोंगर तयार. आमची आजी टोपल्या लिंपायला कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ घालायची, मी पण तेच करतो, लगदा घट्ट धरतो.

आता किल्ल्याचं. २८ मिलिमीटरचा माणूस धरला तर तीस फुटी तटाची भिंत साधारण अर्ध्या फुटाची होते. या मापानं अख्खा गाविलगड अंगणात मावणार नाही. म्हणून आपले पोरं काय करतात, किल्ला लहान करतात अन् बाजारातला मावळा त्यावर ठेवतात, मग मावळा बुरुजापेक्षा उंच दिसतो. वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर लढाई खेळणारे, असं करत नाहीत, ते किल्ल्याचा एक तुकडा घेतात जिथं गोष्ट घडली. गाविलगडाचा तो तुकडा म्हणजे उत्तरेची बाजू. दक्षिणेला खडा चढ, तिकडून हल्ला करणं फार अवघड, उत्तरेकडं मात्र एक अरुंद पट्टी किल्ल्याला पठाराशी जोडते. स्टीव्हन्सनच्या लोकांनी ७ ते १२ डिसेंबर १८०३ मेळघाटच्या डोंगरातून तोफा हातानं ओढत त्या बाजूला नेल्या, रस्ता नव्हता, तो करत करत गेले. तटाला खिंडार पडलं, १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला तरी आतला कोट उभाच होता, मग कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनी शिड्या लावून आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडले. खिंडार, पट्टी, आतल्या कोटाची भिंत अन् एक दरवाजा, एवढं दोन बाय तीन फुटाच्या पाटावर आरामात होतं, अन् दरवाज्यावरचं गंडभेरुंडाचं (दोन डोक्यांच्या पक्ष्याचं) शिल्प एम-सीलमध्ये करायला घ्या, पोरं त्यासाठी भांडतील.

बाजारातले प्लास्टिकचे मावळे टाकून द्यायची गरज नाही. ते मऊ प्लास्टिकचे असतात, वाकले की रंग सुटतो, म्हणून धुतल्यावर पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्यायचा, वाळल्यावर त्यावर रंग. त्यातलाच एक मावळा पागोटं बदलून भोसल्यांचा शिपाई होतो, दुसरा गोलंदाज होतो. आजकाल थ्रीडी प्रिंटरवर पण शिपाई छापून मिळतात, चांगले येतात, पण रेझिनचं प्रिंटिंग पोरांच्या हाती देऊ नका, कच्चं रेझिन कातडीला वाईट, ते मोठ्या माणसानं हातमोजे घालूनच करायचं.

तर स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना अन् शाळांना आपल्या पेपरातून माझं मागणं असं आहे. या दिवाळीपासून स्पर्धेत विदर्भातला किल्ला किंवा लढाई असा एक वेगळा गट ठेवा, गाविलगड, नरनाळा, बाळापूर, अडगावचं मैदान, नागपूरकडच्यांसाठी नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डी, चंद्रपूरकडच्यांसाठी त्यांचे गोंड राजांचे किल्ले. मार्क देताना हातानं रंगवलेल्या शिपायांना अन् जमिनीला वेगळे मार्क ठेवा, नुसत्या लाईटिंगला अन् कारंज्याला देऊ नका. किल्ल्याशेजारी पाटी असावी, लढाई कधी झाली, कोण कोणाकडून होतं, पुढं काय झालं, पोरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. अन् परीक्षकांनी पोरांना एकच प्रश्न विचारावा की ही भिंत इथं का बांधली असेल. नरनाळ्याला जाऊन आलेलं पोरगं त्याचं उत्तर बरोबर देईल, अन् हा प्रश्न येणार हे माहीत असलं की शाळा सहल तिकडं नेतील.

पेपरकडं एक मागणं, अशा गटातला एक तरी फोटो दिवाळीच्या पुरवणीत छापावा, नाव-गावासकट.

आमच्या भागातल्या कुठल्या शाळेला वाटलं तर मी रविवारी येऊन पोरांना ब्रश धरायला, रंग पातळ करायला, पऱ्हाटीची झाडं करायला शिकवीन, पैसे नकोत. फक्त सोयाबीन काढणीचे दिवस सोडून सांगा, अन् पोरांना येताना घरून एक जुना टूथब्रश अन् मूठभर चाळलेला मुरूम आणायला सांगा.

आपला नम्र,
एक कास्तकार वाचक
ता. तेल्हारा, जि. अकोला